झेला धरणारा खांदा: देवगड तालुक्यातलं एक प्रकरण

नोव्हेंबरच्या अखेरीस देवगड तालुक्यातले 54 वर्षांचे एक आंबा बागायतदार उजव्या खांद्याचं दुखणं घेऊन माझ्याकडे फिजिओथेरपीसाठी आले. दुखणं एप्रिलपासूनचं होतं. स्वतःची हापूसची कलमं आणि गावातल्या दोन बागा कराराने घेतलेल्या. काढणीला गडी असत, पण उंच कलमांवरचा आंबा ते स्वतःच उतरवायचे, कारण देठासकट, न आपटता, चीक न लागू देता आंबा खाली आणणारा हात त्यांचाच. त्यांच्या संमतीने हे प्रकरण लिहीत आहे. ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

कुठे दुखतं, किती दुखतं हे सांगण्याआधीच त्यांनी विचारलं, "मॅडम, मार्चात झेलो धरूक गावात मां?" म्हणजे मार्चमध्ये झेला, आंबा उतरवायची जाळीची लांब काठी, धरायला मिळेल ना?

मला हा प्रश्न फार मोलाचा वाटला. दुखणाऱ्या खांद्यांपैकी बहुतेकांचं उद्दिष्ट "दुखणं थांबायला हवं" एवढंच असतं आणि तिथे उपचाराला दिशा मिळत नाही. इथे काम ठरलेलं होतं, हत्यार ठरलेलं होतं आणि तारीखही जवळजवळ ठरलेली होती. मार्चच्या मध्यापर्यंत साधारण 16 आठवडे हातात होते. पुढची सगळी आखणी त्या तारखेपासून मागे मोजत केली.

आधीचे आठ महिने

एप्रिलमध्ये काढणीचा जोर असताना संध्याकाळी खांदा ठणकायला लागला. बाम, तेल, शेक झाले. मे महिन्यात एका दवाखान्यात खांद्यात इंजेक्शन घेतलं. दोन दिवसांत इतकं बरं वाटलं की उरलेला हंगाम त्यांनी पूर्ण जोराने काढला. जूनमध्ये दुखणं परत आलं, आधीपेक्षा जास्त. पावसाळाभर हात जपला. सप्टेंबरमध्ये दुसरं इंजेक्शन घेतलं, त्याचा गुण थोडेच दिवस टिकला. मग एका ठिकाणी दहा दिवस रोज मशीनचा शेक घेतला. व्यायाम म्हणून दोरी-कप्पीवर हात वर ओढायला सांगितलं होतं, पण दुखतं म्हणून तेही सुटलं.

ऑक्टोबरमध्ये फोंडाघाटमार्गे कोल्हापूरला जाऊन एमआरआय केला. अहवालात सुप्रास्पायनेटस या खांद्यातल्या स्नायूच्या टेंडनमध्ये (स्नायू हाडाला जोडणाऱ्या पट्ट्यात) अर्धवट फाट, आजूबाजूच्या बर्सात (घर्षण कमी करणाऱ्या पिशवीत) थोडं पाणी आणि खांद्यावरच्या लहान सांध्याची झीज असं आलं. ऑपरेशन आज ना उद्या लागेल, असं त्यांच्या कानावर घातलं गेलं.

त्या अहवालानंतर काकांचं वागणं बदललं, हे त्यांच्या पत्नीने सांगितलं. आंघोळीचा तांब्या डाव्या हाताने, केस विंचरायचे डाव्या हाताने, सदरा घालताना काकींची मदत. उजवा हात पोटाशी धरून चालायचे. "रात्री उठान बसतत," काकी म्हणाल्या. झोप तीन-चार वेळा मोडत होती.

ही हकीगत मी सविस्तर दिली, कारण कोकणातल्या कष्टकऱ्यांच्या खांद्याचा प्रवास बहुतेक असाच होतो. दुखलं की आराम, सहन होईना की इंजेक्शन, बरं वाटलं की पूर्ण काम, मग पुन्हा दुखणं. प्रत्येक फेरीत खांदा आधीपेक्षा थोडा अशक्त होतो. या आठ महिन्यांत खांद्याला दमादमाने कामाची सवय लावण्याचा प्रयत्न एकदाही झालेला नव्हता.

तपासणी

रुग्णाला मधुमेह होता, गोळ्या चालू होत्या. त्यामुळे पहिली शंका फ्रोझन शोल्डरची. मधुमेह असणाऱ्यांत तो जास्त आढळतो आणि त्याची वाट वेगळी असते. त्यात दुसऱ्याने हात फिरवला तरी सांधा अडतो, विशेषतः कोपर अंगाशी ठेवून हात बाहेर फिरवताना. काकांचा हात मी तसा फिरवला तेव्हा दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या होत्या. स्वतःहून हात वर नेताना मात्र 70 अंशांच्या आसपास कळ सुरू व्हायची आणि 115 अंशांवर ते थांबायचे. मी हात उचलला तर 165 पर्यंत जायचा. म्हणजे सांधा मोकळा होता, उचलणारी यंत्रणा कमजोर आणि दुखरी होती.

मान तपासली. मानेच्या हालचालीने खांद्यातली कळ बदलत नव्हती, हाताला मुंग्या नव्हत्या, बधिरपणा नव्हता. वजन घटणं, ताप, छातीत दाब, चालताना धाप यांविषयी विचारलं. खांद्याच्या दुखण्यामागे कधी कधी हृदय किंवा फुप्फुस असतं, तेव्हा हे प्रश्न टाळून चालत नाही. त्यातलं काही नव्हतं.

हात बाहेर फिरवलेल्या स्थितीत मी सोडून दिला तरी तो तिथेच टिकला. हे महत्त्वाचं होतं. मोठी, आरपार फाट असली की हात टिकत नाही, आपोआप आत पडतो. तसं दिसलं असतं, किंवा पडल्यानंतर हात अचानक उचलेनासा झाला असता, तर मी त्यांना तातडीने अस्थिरोगतज्ज्ञांकडे परत पाठवलं असतं.

ताकद मोजायला माझ्याकडे महागडं यंत्र नाही. सामान तोलायचा हुकाचा डिजिटल काटा खिडकीच्या गजाला बांधायचा, कोपर अंगाशी, मध्ये दुमडलेला टॉवेल आणि पट्टा बाहेरच्या दिशेने ओढायचा. दर वेळी त्याच जागी, त्याच उंचीवर मोजलं की तुलना नीट होते. डावीकडे 8.2 किलो आलं, उजवीकडे 4.1. एमआरआयच्या तीन ओळींपेक्षा मला ही निम्म्यावर आलेली ताकद जास्त बोलकी वाटली. खांद्याचा त्रास आणि अडचण मोजणाऱ्या स्पाडी या 13 प्रश्नांच्या तक्त्यावर त्यांचे गुण 100 पैकी 64 आले. शून्य म्हणजे काहीच त्रास नाही.

अहवालाविषयी बोलणं

"शीर तुटलेली आसा म्हणतत. आता हात हलवलंय तर उरलेलीय तुटतली मां?"

हा प्रश्न बाजूला ठेवून व्यायाम सुरू केला असता तर तो कधीच झाला नसता. त्यामुळे पहिल्या भेटीचा निम्मा वेळ मी यावरच घालवला.

त्यांना सांगितलं ते असं. खांद्याचा गोळा खोबणीत धरून ठेवणारे चार स्नायू आहेत. त्यांच्या टेंडनचं मिळून एक आवरण होतं, त्याला रोटेटर कफ म्हणतात. तुमची फाट त्यातल्या एका टेंडनमध्ये, अर्ध्या जाडीपर्यंत आहे. पन्नाशीनंतर अशा फाटी अजिबात न दुखणाऱ्या खांद्यांतही सापडतात. 1995 साली अमेरिकेत खांदा न दुखणाऱ्या 96 जणांचा एमआरआय काढला, तेव्हा 40 ते 60 वयोगटात 28 टक्के आणि साठीपुढच्यांत 54 टक्के लोकांच्या कफमध्ये लहानमोठी फाट निघाली. त्यांना पत्ताही नव्हता. तुमची फाट एप्रिलच्या आधीही असू शकेल आणि त्या फाटीसह तुम्ही कित्येक हंगाम काढले असतील. होडीच्या नांगराच्या दोराचे काही पीळ झिजले तरी दोर होडी धरून ठेवतो. फरक एवढाच की दोराचे उरलेले पीळ वापरून जाड होत नाहीत, तुमचे होतात.

ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे दुखता तरीय करूचा?"

हो, पण मापात. 10 पैकी 4 पर्यंत दुखलं तर चालेल. दुसऱ्या सकाळी दुखणं पुन्हा मूळ पातळीवर आलेलं हवं. सकाळी ते वाढलेलं असेल तर आदल्या दिवशीचं काम जास्त झालं, पुढच्या वेळी एक पायरी खाली यायचं, बंद करायचं नाही. हा नियम त्यांना पाठ होईपर्यंत मी वदवून घेतला. घरातल्या कालनिर्णयावर रोजच्या चौकोनात दोन आकडे लिहायचे ठरले: व्यायामानंतरचं दुखणं आणि दुसऱ्या सकाळचं. ते काम काकींनी अंगावर घेतलं आणि शेवटपर्यंत केलं.

ऑपरेशनचाही विषय मी टाळला नाही. खांद्यावरच्या हाडाची खालची बाजू तासून जागा मोकळी करण्याची शस्त्रक्रिया अनेक वर्षं मोठ्या प्रमाणावर होत आली. कल्पना अशी की हाड टेंडनवर घासतं. 2018 साली लॅन्सेटमध्ये आलेल्या ब्रिटनमधल्या चाचणीत पूर्ण फाट नसलेल्या 313 रुग्णांचे तीन गट केले होते: हाड तासलेले, फक्त दुर्बिणीने आत पाहून बंद केलेले आणि कोणताच उपचार न केलेले. सहा महिन्यांनी पहिल्या दोन गटांत फरक नव्हता आणि तिसऱ्या गटापेक्षा ते दोन्ही जितके बरे होते, तो फरक रुग्णाला जाणवण्याइतका मोठा नव्हता. म्हणून 12 आठवडे नीट व्यायाम करून पाहायचा आणि त्यानंतरही ताकद आणि झोप सुधारली नाही तर पुन्हा अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवायचं, असं ठरलं. काकांनी त्यांच्या डॉक्टरांना फोन करून हे कळवलं आणि त्यांचीही हरकत नव्हती.

झेला नेमकं काय मागतो

व्यायाम देण्याआधी मी त्यांच्या खळ्यात जाऊन झेला हातात घेतला. लांब बांबू, टोकाला कडं, कड्याला जाळी आणि देठ कापायला पातं. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने विकसित केलेला नूतन झेला आता बऱ्याच बागांत दिसतो. देठासह आंबा जाळीत पडतो आणि चिकाचे डाग टळतात. माणसाच्या खांद्याच्या बाजूने पाहिलं तर हत्यार चांगलं आहे, झटका कमी बसतो.

हापूसचं एक फळ साधारण पाव किलोचं असतं. वजन म्हणून ते काहीच नाही. अडचण कलण्यात आहे. काठी सरळ उभी असली की तिचं वजन खालच्या हातातून शरीरात उतरतं. 4 मीटरची 2 किलोची काठी 45 अंशांत कलली की तिचा मध्य खालच्या हातापासून सुमारे 1.4 मीटर बाहेर जातो आणि टोकाचा आंबा जवळजवळ 2.8 मीटर. तो सगळा भार वरच्या हाताने, म्हणजे डोक्याच्या पातळीला असलेल्या उजव्या खांद्याने सावरायचा. काका झाडाखाली एका जागी उभे राहून दूरच्या फांद्यांपर्यंत काठी कलती करायचे. कातळावर पायाखाली दगडधोंडे, गडगे, म्हणून पाय हलवण्यापेक्षा काठी कलवणं सोपं वाटायचं. पहिल्या भेटीत मी त्यांना रिकामी काठी धरायला लावली, तेव्हा सरळ काठी 10 पैकी 2 दुखली आणि कललेली 7.

दुसरी गोष्ट वेळापत्रकाची. जूनपासून थंडीपर्यंत त्यांचा हात खांद्याच्या वर फारसा जातच नाही. मग मोहोराच्या फवारण्या येतात, तेव्हा पंपाची गन वर धरावी लागते. आणि मार्चमध्ये दोन आठवड्यांच्या आत दिवसाचे पाच-सहा तास वर हात. टेंडन बळकट व्हायला महिने लागतात, तो पंधरा दिवसांत तयार होत नाही. एप्रिलमध्ये दुखणं सुरू झालं यात मला आश्चर्य वाटण्यासारखं काही दिसलं नाही. दरवर्षी हंगामाच्या तोंडावर आमच्या किनारपट्टीवर असे कितीतरी खांदे तयारीविना उभे राहतात. बागेची तयारी सहा महिने आधी सुरू होते, ती करणाऱ्या माणसाच्या खांद्याची कोणीच करत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

डिसेंबर: झोप आणि पहिलं बळ

पहिले तीन-चार आठवडे उद्दिष्ट छोटं होतं. रात्री उजव्या कुशीवर झोपायचं नाही. डाव्या कुशीवर झोपताना छातीशी जाड उशी आणि उजवा हात तिच्यावर. उताणं झोपताना कोपराखाली घडी केलेली गोधडी, म्हणजे हात मागे लोंबत नाही. एवढ्याने दहा दिवसांत झोप मोडणं एका वेळेवर आलं. खांद्याच्या रुग्णाची झोप सुधारली की त्याचा बाकी सगळ्यावरचा विश्वास वाढतो, म्हणून मी नेहमी तिथूनच सुरू करते.

व्यायाम दोनच दिले. एक, कोपर अंगाशी धरून पंजाची मागची बाजू दाराच्या चौकटीवर बाहेरच्या दिशेने दाबायची, निम्म्या जोराने, 30 ते 40 सेकंद, पाच वेळा, दिवसातून दोनदा. दोन, टेबलावर फडकं ठेवून त्यावरून हात पुढे सरकवायचा, शरीर मागे नेत. दुसऱ्या व्यायामात हात डोक्याच्या वर जातो पण वजन टेबल घेतं. काकांना पहिल्याच दिवशी आपला हात इतका वर जातो हे पाहून धीर आला.

फवारणीत गन गड्याने धरायची, काकांनी औषध मिसळायचं आणि पाइप ओढायचा, असं ठरलं. अंगणातली हलकी कामं उजव्या हातानेच करायची. हात पोटाशी धरून चालणं बंद. काकींना मी सांगितलं की सदरा घालायला मदत करू नका. त्यांना ते जिवावर आलं, पण त्यांनी ऐकलं.

जानेवारी: वाढ आणि एक मोठी कळ

जानेवारीत रबरी पट्टा आला. पट्ट्याने हात बाहेर फिरवणं, पट्टा पोटाकडे ओढणं, भिंतीवर दंड आणि पाण्याची बाटली घेऊन अंगठा वर ठेवून हात तिरका वर उचलणं. एकाआड एक दिवस, प्रत्येकाचे तीन फेरे, आधी 15 वेळा. हलकं वाटायला लागलं की वजन वाढवायचं आणि संख्या 8 ते 10 वर आणायची. बाटली अर्ध्या लिटरची होती, पुढे लिटरची झाली, नंतर कापडी पिशवीत मोजून भरलेले तांदूळ. दीड किलोपर्यंत ते संक्रांतीच्या सुमारास पोचले.

नेमकं तेव्हा मोहोरावर तुडतुडा ही कीड वाढली, गडी गावाला गेलेला आणि फवारणी लांबवणं शक्य नव्हतं. काकांनी एक पूर्ण दिवस स्वतः गन धरली. त्या रात्री दुखणं 8 वर गेलं. दुसऱ्या सकाळी ते इतके घाबरले होते की फोनवर त्यांचा पहिला शब्द "तुटली" होता.

त्याच दिवशी बोलावून तपासलं. हात बाहेर फिरवलेल्या स्थितीत टिकत होता. काट्यावर 4.9 किलो आलं, पंधरवड्यापूर्वी 5.6 होतं. दुखऱ्या खांद्यातला स्नायू जोर करत नाही, त्यामुळे एवढी घट अपेक्षितच होती. नवीन काही तुटल्याचं एकही लक्षण नव्हतं.

या टप्प्यावर पूर्ण आराम सांगणं सगळ्यात सोपं असतं आणि तेच सगळ्यात घातक. पहिल्या आठ महिन्यांतली प्रत्येक फेरी अशाच आरामाने सुरू झाली होती. मी त्यांना तीन दिवस फक्त चौकटीवर दाबण्याचा व्यायाम आणि टेबलावरची हालचाल करायला सांगितली, चौथ्या दिवशी पट्टा परत, वजन निम्मं. कालनिर्णयावर काकींच्या अक्षरात 8, 6, 5, 3, 3, 2 असे आकडे उतरत गेले. आठवड्याभरात ते जुन्या वजनावर आले. पुढच्या भेटीत काकांनी ते पान फाडून आणलं होतं आणि स्वतःच मला समजावून सांगत होते की बघा, आराम न करता उतरलं. माझ्या मते या प्रकरणाचं वळण हेच आहे. त्यानंतर दुखलं तर काय करायचं हे विचारायला त्यांचा फोन आला नाही.

आठव्या आठवड्याला स्पाडी 31, उजव्या हाताची ताकद 6.0 किलो, हात स्वतःहून 150 अंशांपर्यंत.

फेब्रुवारी: बांबू

पट्टा आणि तांदळाची पिशवी खांद्याला बळ देतात, पण झेला धरायची सवय झेला धरूनच लागते. फेब्रुवारीत 6 फुटी बांबूपासून सुरुवात केली. काठी सरळ उभी धरायची, वर-खाली करायची, पाच मिनिटं, मग तेवढाच थांबा. आठवड्याला दोन दिवस व्यायाम, दोन दिवस बांबू. मग 10 फुटी, मग त्यांची स्वतःची काठी झेल्यासकट, शेवटी जाळीत पाव किलोचा दगड ठेवून. दुखण्याची मर्यादा तीच, 10 पैकी 4.

कलत्या काठीचा सराव मी मुद्दाम दिला, पण 20 अंशांपासून. हंगामात काठी कलणारच, तेव्हा तो कोन टाळण्यापेक्षा त्याची ओळख करून देणं बरं. त्याबरोबर दोन गोष्टी बदलल्या. पाय हलवून झाडाभोवती फिरायचं आणि काठी शक्य तितकी सरळ ठेवायची. त्यासाठी काकांनी मोठ्या कलमांखालचे धोंडे बाजूला करून घेतले. आणि थोड्या थोड्या वेळाने वरचा हात बदलायचा. डावा हात वर घेणं त्यांना सुरुवातीला अजिबात जमेना, देठ चुकायचा. फेब्रुवारी संपेपर्यंत जमलं.

मोठ्या कलमांची उंची कमी करायची छाटणी करावी का, हे त्यांनी विचारलं. खांद्याच्या दृष्टीने उत्तर सरळ हो आहे. बागेच्या दृष्टीने काय ते कृषी सहायकाशी बोलून ठरवा, असं सांगितलं.

हंगाम

मार्चच्या मध्याला पहिली काढणी. स्पाडी 14, ताकद 7.3 किलो. पहिल्या आठवड्यात एकाआड एक दिवस, सकाळचा एक तास, बाकी वेळ आंबे क्रेटमध्ये लावणं. दुसऱ्या आठवड्यात दीड ते दोन तास. गड्याशी आलटून पालटून, एक झेल्यावर, दुसरा क्रेटवर. क्रेट उचलताना तो पोटाशी धरून उचलायचा, टेम्पोत खांद्याच्या वर ठेवायचा नाही. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापासून ते सकाळ-संध्याकाळ मिळून चार तास झेला धरत होते. आधीच्या वर्षांपेक्षा हे कमी आहे आणि ते तसंच राहावं, असं माझं मत आहे. त्यांनीही ते मान्य केलं, एक गडी वाढवला. त्याचा खर्च त्यांना परवडला. प्रत्येकाला परवडेल असं नाही, हे मला माहीत आहे. ज्याला परवडत नाही त्याच्यासाठी डिसेंबर-जानेवारीतली तयारी आणखी महत्त्वाची ठरते.

हंगामातही बळाचे व्यायाम बंद केले नाहीत, फक्त आठवड्यातून दोनदा आणि दोनच: पट्ट्याने बाहेर फिरवणं आणि पट्टा ओढणं. अक्षय्य तृतीयेच्या आसपास मागणीमुळे काम वाढलं तेव्हा दुखणं दोन दिवस 5 वर गेलं. त्यांनी स्वतःहून एक दिवस क्रेटवर काढला आणि परत झेल्यावर गेले.

यातून काय म्हणता येईल

एका रुग्णावरून व्यायामानेच बरं वाटलं असा निष्कर्ष काढणं योग्य नाही. खांद्याची दुखणी काही अंशी काळानेही उतरतात. दुसरं, 2021 साली लॅन्सेटमध्येच आलेली एक मोठी चाचणी आम्हा फिजिओथेरपिस्टना विचार करायला लावणारी आहे. ब्रिटनमध्ये रोटेटर कफच्या दुखण्याचे 708 रुग्ण घेऊन एका गटाला सहा भेटींपर्यंत वाढत जाणारे व्यायाम दिले आणि दुसऱ्याला एकाच भेटीत नीट सल्ला आणि घरी करायचे व्यायाम. वर्षभरात दोन्ही गटांच्या स्पाडीत फरक पडला नाही. दोन्ही गटांतल्या काहींना खांद्यात इंजेक्शनही दिलं होतं, त्याचा फायदा आठ आठवड्यांपर्यंत थोडासा दिसला, वर्षअखेरीला नाही.

मला यातून भेटींची संख्या वाढवण्यापेक्षा घरी काय होतं त्यावर भर द्यावासा वाटतो. देवगड तालुक्यातल्या एखाद्या वाडीवरून एसटीने येऊन रोज मशीनचा शेक घेण्यात माणसाचा दिवस जातो, मजुरी बुडते आणि खांद्याला त्यातून बळ मिळत नाही. काकांना मी दोन-तीन आठवड्यांतून एकदाच बोलावत होते. प्रत्येक भेटीत काटा, स्पाडी, कालनिर्णयाची पानं आणि पुढची पायरी. बाकी सगळं घराच्या पडवीत आणि खळ्यात झालं. इंजेक्शनलाही माझा सरसकट विरोध नाही. झोपच लागत नसेल तर त्याने उसंत मिळते. मे महिन्यात चूक झाली ती त्या उसंतीत पूर्ण काम करण्याची, आणि उसंत मिळाल्यावर काय करायचं हे त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं.

एमआरआय पुन्हा केला नाही. फाट भरली का हे पाहून उपचारात काही बदलणार नव्हतं आणि कोल्हापूरची फेरी आणि खर्च वाचला.

जूनमध्ये शेवटचं मोजमाप घेतलं. स्पाडी 9, उजवी ताकद 7.6 किलो, डावी 8.4. हात स्वतःहून 165 अंशांपर्यंत वर. पाठीमागे हात नेऊन कमरेचा पट्टा ओवताना अजून कळ येते आणि दिवसभर मोटारसायकल चालवली की रात्री खांदा जड होतो. रात्रीची झोप मात्र आता मोडत नाही आणि आंघोळीचा तांब्या उजव्या हातात आला आहे. पावसाळ्यासाठी तीन व्यायाम ठेवले आहेत, आठवड्यातून दोनदा, तांदळाची पिशवी आता दोन किलोची. बांबूचा सराव यंदा फेब्रुवारीची वाट न पाहता डिसेंबरातच सुरू करायचा आहे. पुढची तपासणी दिवाळीनंतर, पहिल्या फवारणीच्या आधी ठेवली आहे. काका त्या वेळी त्यांच्या गड्यालाही घेऊन येणार आहेत, त्याचा डावा खांदा हंगामाच्या शेवटी धरायला लागला होता.